आधी पाना, मग कुंकू

कारखान्यातल्या माणसाला त्याची कामाची जागा विचारली, तर तो फाटकाकडे बोट दाखवतो. त्याच्या कामाला भिंत असते, वेळेचा भोंगा असतो, भिंतीवर सुरक्षिततेची पाटी असते. आपल्याकडे यातले काहीच नाही. खळे, गोठा, विहीर, मोटारीची खोली, उसाचा फड, द्राक्षाची बाग, ही सगळी आपली कामाचीच जागा. पण तिथेच लेकरे खेळतात, म्हातारी माणसे ऊन खात बसतात, वाळवणे पडतात. त्यामुळे आपण तिला कामाची जागा मानतच नाही, घर मानतो. आणि घराला कोण भिणार?

मी निफाड तालुक्यातली, गोदाकाठची. थंडी म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा घसरला, की दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा येतो. मग द्राक्षाचे मणी तडकतील का, याची चर्चा सुरू होते. पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, बोअरचे कोमट पाणी ठिबकने सोडतात. द्राक्षाची काळजी घ्यायलाच हवी, वर्षाचे पोट त्यावर आहे. पण ज्या बोटांनी ती बाग छाटायची, त्या बोटांची काळजी थंडीआधी किती घरांत होते, हा माझा प्रश्न आहे.

आमच्या घरात ही काळजी घ्यायचा एक दिवस ठरलेला आहे. तो म्हणजे खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण सगळेच अवजारांची पूजा करतो. नांगर, कुळव, विळे, कोयते, आता ट्रॅक्टर आणि फवारणीचा पंप, सगळ्यांना पाणी फिरवून हळदकुंकू लावतो, झेंडूची फुले वाहतो. माझे सासरे म्हणायचे, "आधी पाना, मग कुंकू." सैल नट आवळलेला नसेल, गंजलेले पाते घासलेले नसेल, तर त्या अवजाराला कुंकू लावायला ते परवानगी देत नसत. त्यांच्या वेळी तो शिरस्ता अवजार टिकावे म्हणून होता. माणूस टिकावा म्हणून तो वाढवायची वेळ आमच्यावर पुढे आली.

ती कशी आली, ते सांगते.

माझ्या धाकट्या जाऊबाईंचा उजवा हात कोपराखाली नाही. कार्तिकात सोयाबीनची मळणी चालली होती. यंत्र भाड्याचे, बाहेरून आलेले. पाऊस येईल या धास्तीने सकाळी धुक्यात सुरू केलेले काम दिवेलागणीपर्यंत चालले. माल दवाने दमट झाला होता, तोंडात अडकत होता. यंत्राच्या तोंडावरचे पत्र्याचे झाकण माल भराभर जावा म्हणून मालकाने कधीचेच काढून ठेवले होते. गारठा होता, म्हणून जाऊबाईंनी अंगावर पूर्ण बाहीचा स्वेटर घातला होता. अडकलेली पेंडी आत रेटताना बाही ड्रमात गेली, आणि बाहीमागे हात गेला. एवढेच घडले. ते सांगायला जेवढा वेळ लागला, तेवढाही घडायला लागला नाही.

आज जाऊबाई डाव्या हाताने भाकरी थापतात. परात भिंतीला टेकवून ठेवतात म्हणजे ती सरकत नाही. डाव्या हाताने त्या मतदानाच्या यादीवर सहीही करतात. त्यांच्या हिमतीचे कौतुक सगळे करतात, आणि त्या दर वेळी एकच उत्तर देतात, "कौतुक नको, झाकण लावा." हा लेखही त्यांच्याच सांगण्यावरून लिहिते आहे.

मळणीयंत्राने हात जाणे ही काही आमच्याच घरची गोष्ट नाही. हरितक्रांतीनंतर देशात गव्हाची मळणी यंत्रावर होऊ लागली आणि इतके हात गेले, की 1983 साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यात मळणीयंत्राचा विचार मुद्दाम केलेला आहे. सुरक्षित यंत्राचे माल टाकायचे तोंड लांब असावे लागते. भारतीय मानकाप्रमाणे ते निदान 90 सेंटिमीटर लांब आणि ड्रमाकडच्या बाजूने निदान 45 सेंटिमीटर झाकलेले हवे. ही मापे उगीच ठरवलेली नाहीत. माणसाचा हात किती लांब असतो, याचा तो हिशोब आहे. तोंड लांब आणि झाकलेले असले, की चुकून हात आत गेला तरी ड्रमापर्यंत पोचत नाही. यंत्र दारात आले की आधी टेप लावून बघा. टेप नसेल तर यंत्र बंद असताना, पट्टा उतरवून, आपला हात खांद्यापर्यंत मोजून बघा. बोटे ड्रमाला टेकत असतील, तर ते यंत्र तुमच्या खळ्यात लागता कामा नये.

गेल्या हंगामात आमच्याकडे आलेल्या एका यंत्राला असेच झाकण नव्हते. मी म्हटले, "झाकण बसवा, मग पट्टा चढवा."

यंत्रवाला म्हणाला, "मावशी, झाकण लावलं तर तासाला दोन पोती कमी निघतील. तुमचंच नुकसान."

मी जाऊबाईंना बाहेर बोलावले. त्या आल्या आणि काही न बोलता माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. यंत्रवाल्याने झाकण गाडीतूनच काढले. ते त्याच्याजवळ होते, फक्त लावलेले नव्हते. त्या दिवशी मळणी दोन तास उशिरा संपली. मळायला आलेल्या बायकांना त्या दोन तासांची मजुरी आम्ही दिली, आणि ती देताना कुणाला जड वाटले नाही.

वाचकहो, इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. भाड्याचे यंत्र दुसऱ्याचे असले, तरी खळे आपले असते आणि रोजंदारीवर आलेल्या बायका आपल्या भरवशावर आलेल्या असतात. त्यांना "बंद करा, मला भीती वाटते" असे म्हणता येत नाही. कारण उद्याचे काम जाईल. म्हणून ते वाक्य आपण म्हणायचे असते.

आता थंडीचे आणि यंत्राचे नाते बघा. उन्हाळ्यात माणूस सैल, कमी कपड्यात असतो. थंडीत आपण मफलर गुंडाळतो, शाल घेतो, टॉवेल डोक्याला बांधतो, बायका पदर कानावरून घेऊन टोक मोकळे सोडतात. ट्रॅक्टरच्या मागचा पी.टी.ओ.चा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. दांडा दोन इंच जाड धरला, तरी एका सेकंदात तो दीड मीटरच्या आसपास कापड गुंडाळतो. आपला मफलर साधारण तेवढाच असतो. म्हणजे तुम्ही तोंडाने "एक" म्हणेपर्यंत गळ्याभोवती फास बसतो. म्हणून आमच्या खळ्यावर नियम आहे: यंत्राजवळ मफलर नाही, शाल नाही. कानटोपी चालेल. स्वेटर असेल तर बाही घट्ट, किंवा वरून शर्ट घालून बटणे लावलेली. बायकांनी साडीवरून पुरुषी शर्ट घालायचा आणि पदर आत खोचायचा. सुरुवातीला हसू झाले. आता गावातल्या बायका शर्ट बरोबर घेऊनच येतात. आणि पी.टी.ओ.च्या दांड्यावरचे प्लास्टिकचे आवरण फुटले असेल, तर खंडेनवमीलाच नवीन आणायचे.

कडबाकुट्टीचेही तेच. पहाटे गारठ्यात बोटे बधिर झालेली असतात. पेंडी कुठे संपली आणि आपले बोट कुठे सुरू झाले, ते कळत नाही. आमच्याकडे कुट्टी आता ऊन पडल्यावरच चालते. जनावरांना सकाळी लागणारा चारा आदल्या दुपारी कापून ठेवायचा. गाय तासभर आधी कापलेली कुट्टी आणि रात्री कापलेली कुट्टी यात भांडत नाही.

यंत्रानंतर वीज. गोदाकाठी गव्हाला, कांद्याला, उसाला पाणी थंडीतच लागते आणि शेतीची वीज अनेक गावांत आळीपाळीने रात्रीचीच येते. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना 2017 साली सुरू झाली. ज्या फीडरवर ती पोचली, ते सुटले. बाकीच्यांना रात्रीच दारे धरावी लागतात. पहाटे दव पडते, मोटारीच्या खोलीचा पत्रा आतून घामेजतो आणि स्टार्टरच्या पेटीवर पाणी येते. त्यात उंदरांनी केबल कुरतडलेली असते. ओले पाय, ओला हात आणि ओली पेटी एकत्र आली, की झालेच.

त्यातून आता ऑटो आले आहेत. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, मध्यरात्री उठावे लागत नाही. सोय मोठी आहे, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: लाईट गेली म्हणजे वीज मेली असे नाही. ती केव्हाही परत येते आणि ऑटो तुम्हाला विचारत बसत नाही. मोटारीला, पंपाला, केबलला हात लावायचा असेल, तर आधी मेन स्विच पाडा, किटकॅट काढा आणि ते स्वतःच्या खिशात ठेवा. दुसऱ्याच्या हातात नाही, पेटीवर नाही, आपल्या खिशात. म्हणजे आपण परत आल्याशिवाय वीज येणार नाही.

खंडेनवमीला आमचा नातू स्टार्टरची पेटी झाडतो, पेटीचे दार बंद होते का बघतो, खाली कोरडी लाकडी फळी टाकतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरलेला असतो. पावसाळ्यानंतर तो खड्डा कोरडा पडू लागतो, म्हणून त्यात बादलीभर पाणी घालायचे काम लेकींकडे दिले आहे. वायरमनकडून एकदा गळती ओळखून वीज तोडणारे यंत्र बसवून घ्यावे. त्याचा खर्च एका फवारणीच्या आसपास येतो. डी.पी.वर मात्र आपण कुणीही चढायचे नाही, रात्री तर नाहीच. पीक एक दिवस तहानलेले राहिले तरी चालते.

रात्रीच्या पाण्याबरोबर साप आलाच. लोकांचा समज असा, की थंडीत साप बिळात जातात. सगळे जात नाहीत. घोणस थंडीतच अधिक दिसते, दिवसा उन्हाला पडलेली असते. ती सुस्त वाटते, पण डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते आणि झेप घेते. मण्यार रात्री फिरते, उबेला आणि उंदरामागे घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा चावा कित्येकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि घरचे समजतात की रात्रीचे काही बाधले. अशा वेळी ओवा देत बसू नका, दवाखाना गाठा.

सोयाबीनची सुडी, कडब्याची गंजी, गोवऱ्यांचा ढीग यांत हात घालण्याआधी काठी घाला. पेंड्या हाताने नव्हे, दाताळ्याने ओढा. पाण्यावर जाताना गमबूट आणि बॅटरी घ्या. झोपायचे ते खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. सर्पदंशाने 2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात अंदाजे 12 लाख माणसे गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा हिशोब आहे. त्यात बहुतेक आपल्यासारखी, खेड्यातली. चावल्यावर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, 108 ला फोन करा आणि विषावरची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवतात आणि ते गोठते का, हे बघतात. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर त्यावरून कळते. तेवढा वेळ धीर धरा, ते उगाच चाललेले नसते.

आता शेकोटी आणि शेगडी. शेकोटीचा धोका डोळ्यांना दिसतो. ती गंजीपासून आणि गोठ्यापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून लावा, जवळ पाण्याची बादली ठेवा आणि उठताना राखेवर ती ओता. शेगडीचा धोका दिसत नाही, म्हणून तो मोठा. कोळशाचे निखारे लाल झाले, धूर थांबला, की माणसाला वाटते आता आत न्यायला हरकत नाही. पण त्याच निखाऱ्यातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायू जिथे बसतो, तिथे हा वायू त्याच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट बसतो. आधी डोके जड होते, मग मळमळ, मग झोप, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. दारे-खिडक्या लावून, लेकराला कुशीत घेऊन, ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटवणारी माणसे अशी एका रात्रीत जातात. थंडीच्या रात्री घरातल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले, तर गोळी शोधू नका, दार उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा.

आपल्या शिवारात ऊसतोडीला आलेल्या माणसांनाही हे सांगा. ती कोपीत राहतात, वरून पाचट आणि प्लास्टिक असते, आत लहान मुले असतात. आम्ही दरवर्षी टोळी आली, की मुकादमाला चार जुनी ब्लँकेटे देतो आणि सांगतो, शेगडी कोपीबाहेर. ब्लँकेट दिल्याशिवाय नुसता उपदेश केला, तर तो कुणी का ऐकावा?

त्याच मुलांसाठी आणखी एक. उसात बिबट्या असतो, हे आता नाशिकपासून जुन्नरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तोड चालू झाली, की त्याचा आसरा कमी होतो. वाकून बसलेले माणूस किंवा लहान मूल त्याला लहान जनावरासारखे वाटते. म्हणून फडाच्या कडेला मुलांना एकटे बसवू नका, संध्याकाळी कुणी एकट्याने बाहेर जाऊ नये, रात्री पाण्यावर दोघांनी जावे आणि मोबाईलवर गाणी मोठ्याने लावावीत. फडात बछडे सापडले तर उचलू नका. वनखात्याला कळवा आणि त्या जागेपासून लांब व्हा, आई त्यांना न्यायला येते.

आणि शेवटी रस्ता. उसाची ट्रॉली धुक्यात उभी असली, की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दहा-पंधरा पावलांवर आल्यावर दिसते. ट्रॉलीच्या मागे लाल चमकणारी पट्टी लावायला थोडेच पैसे लागतात. बाहेर आलेल्या उसाच्या टोकांना लाल कापड बांधा. ट्रॉली बिघडली तर ती रस्त्याच्या खाली घ्या, घेता आली नाही तर मागे लांबवर माणूस बॅटरी घेऊन उभा करा. मोटारसायकलवरचा पोरगा आपला नसला, तरी कुणाचा तरी असतोच.

शेतकऱ्याच्या अपघाताला सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे. मृत्यूला दोन लाख, एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. सर्पदंश आणि विजेचा धक्काही त्यात येतो. ही माहिती घरात सगळ्यांना असू द्या, सातबारा आणि कागद एका पिशवीत ठेवा, अडचणीला उपयोगी पडतात. पण जाऊबाईंच्या हाताचा हिशोब आम्ही कधी लाखात करू शकलो नाही.

तेव्हा येत्या खंडेनवमीला एवढे करा. सकाळी अवजारे अंगणात मांडली, की लगेच हळदीची वाटी काढू नका. आधी घरातल्या सगळ्यांना, लेकीसुनांना आणि सालगड्यालाही, सोबत घेऊन खळ्यापासून रस्त्यापर्यंत एक फेरी मारा. झाकण, पट्टा, दांड्याचे आवरण, स्टार्टरची पेटी, गंजीची जागा, गमबूट, बॅटरी, ट्रॉलीची लाल पट्टी. जे सैल असेल ते आवळा, जे नसेल ते बाजारच्या यादीत लिहा. या फेरीत सगळ्यांत लहान पोराला विचारा, "तुला इथे कशाची भीती वाटते?" आपली नजर मेलेली असते, त्याची नसते. आमच्या नातीने एकदा विहिरीच्या कठड्याची हललेली वीट दाखवली होती. आम्ही रोज त्याच विटेवर हात टेकत होतो.

फेरी झाली, पाना फिरला, की मग कुंकू लावा. अवजाराला लावा, यंत्राला लावा, आणि त्याच ताटातले एक बोट ते यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या कपाळालाही लावा. थंडी सरेपर्यंत ते कपाळ आणि ते दोन्ही हात आपल्याला जपायचे आहेत.